जुनी जीप व तरुण शेतकरी

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील तरुण शेतकऱ्यांत एक हौस बळावत चालली आहे. पहिली मोटार घ्यावयाची ती चारी चाकांना इंजिनाचा जोर पोंचणारी जुनी जीप किंवा जिप्सीच, असें त्यांचें म्हणणें. उसाचें बिल हातीं पडलें कीं असल्या गाडीचा शोध सुरू होतो. घरांतील वडील मंडळी यास उधळेपणा म्हणतात; तरुण मंडळी वडिलांस जुनाट ठरवितात. आमच्या मतें दोन्ही पक्षांचें निम्में बरोबर आहे; उरलेल्या निम्म्याचा विचार व्हावा म्हणून हे चार शब्द.

ही गाडी आपल्याकडे परकी नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यासाठीं निघालेल्या विलीज जीपची जुळणी महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं मुंबईस सुरू केली. पुढें तिच्याच वंशांतील डीझेल जीपा आणि १९८५ सालीं निघालेली मारुतीची जिप्सी पोलीस, वनखातें व सैन्य यांच्या सेवेंत राबल्या. पाटण-जावळीच्या डोंगरवाटा असोत कीं वाळवें-मिरजेकडील काळें रान असो, पावसाळ्यांत पाणंद चिखलानें भरली म्हणजे साधी मोटार जागींच रुतते. मागच्यांबरोबर पुढचीं चाकेंही ओढूं लागलीं तर ती बहुधा निघते. नव्या गाडीसाठीं लाखों रुपयांचें कर्ज डोक्यावर घेण्यापेक्षां जुनी पाहावी, हा विचारही वावगा नव्हे. मात्र ज्याचें शेत डांबरी सडकेस लागून आहे, त्यानें केवळ मित्राची पाहून ती घेऊं नये. चार चाकांचा जोर म्हणजे जास्त दांते, जास्त तेल व जास्त खर्च.

आमचें सारें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें, म्हणून कागदांचें प्रथम सांगतों. सातबारा पाहिल्यावांचून आपण जमिनीचा इसार देत नाहीं. गाडीचा सातबारा म्हणजे तिचें आरसी बुक. त्यांतील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक लोखंडावर कोरलेल्या आंकड्यांशीं ताडून पाहावे. पुष्कळ जुन्या जीपांचीं इंजिनें बदललेलीं असतात. बदलाची नोंद नसेल तर सौदा सोडून द्यावा. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा असतो तसा येथेंही असतो; तो उतरल्याचा दाखला मागावा. नंतरचा फेरफार, म्हणजे मालकीबदल, घेणारानें ३० दिवसांच्या आंत कळवावयाचा असतो. तसें न करितां मूळ मालकाच्या कोऱ्या सह्यांवर गाड्या वर्षानुवर्षें फिरतात. अपघात घडला तर भरपाईची जबाबदारी दप्तरीं ज्याचें नांव त्याजवर येते, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे. ज्यानें विश्वासानें गाडी विकली त्याच्या गळ्यांत असा धोंडा बांधणें हा सरळ व्यवहार नव्हे.

खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढें दर ५ वर्षांनीं तपासणी करून ती वाढवावी लागते. ही फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली, व ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरील मोटारीस ती १०,००० रुपये आहे. पर्यावरण कर निराळा. परराज्यांतील गाडी येथें कायम ठेवावयाची असेल तर १२ महिन्यांच्या आंत साताऱ्याचा एमएच ११, कराडचा ५० किंवा सांगलीचा १० क्रमांक घेऊन कर भरावा लागतो. हे सर्व आंकडे किंमतींत मिळवावे, मगच गाडी स्वस्त कीं महाग तें ठरवावें.

दुसरा दोष रूपांतराचा. गाडी आली कीं मोठाले टायर घालणें, टप कापणें, दिव्यांची माळ लावणें हे उद्योग सुरू होतात. गाडीच्या मूळ घडणींत मनास येईल तसा फेर करूं नये, असा कायदा आहे. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तोच निर्वाळा दिला. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रें गांवच्या एका लोहार कारागिरानें भंगारांतून लहानशी जीप घडविली, ती हकीकत डिसेंबर २०२१ मध्यें देशभर गाजली. श्री. आनंद महिंद्र यांनीं त्याच्या कसबाची वाखाणणी केली. पण गाडी नियमांत बसत नसल्यानें अधिकारी ती आज ना उद्यां अडवितील असेंही सांगितलें, व तिच्या मोबदल्यांत त्यास नवी बोलेरो दिली. प्रत्येकाच्या दारीं अशी बोलेरो येणार नाहीं, हें तरुणांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां परीक्षेचें. बैल घेतांना आपण दांत, खूर व चाल पाहतों. रंगविलेल्या शिंगांस भुलत नाहीं. तसेंच येथें करावें. इंजिन पूर्ण थंड असतां चालू करावयास सांगावें. निळसर धूर सुटत राहिला तर तें ऑईल खात आहे असें समजावें. नव्या रंगाखालीं चासी गंजली आहे काय तें ठोकून पाहावें. वडापांत झिजलेल्या कित्येक जीपा दिसण्यांत सारख्या, पण त्यांच्या पुढच्या चाकांना जोर नसतोच. म्हणून मऊ मातींत चालवून खात्री करावी.

घेतल्यावर जें करावयाचें तें त्याहून महत्त्वाचें. सांध्यांना व पाट्यांना वेळच्या वेळीं ग्रीस द्यावें. ओढ्याच्या खोल पाण्यांतून गाडी काढली असेल तर डिफरन्शिअलचें तेल तपासावें. तें दुधासारखें दिसलें तर पाणी शिरलें, तें लगेच बदलावें. जुन्या जीपेंत चारी चाकांचा जोर कोरड्या डांबरी रस्त्यावर लावूं नये. वळणावर पुढचीं-मागचीं चाकें सारखा पल्ला कापीत नाहींत, त्यामुळें ताण पडून दांते व टायर झिजतात. खरेदीच्या किंमतीचा निदान चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठीं वेगळा ठेवावा असें आमचें मत आहे. मिस्त्रीच्या हातीं किल्ली देऊन चहास जाणाऱ्यानें ही गाडी घेऊंच नये. शेजारीं उभें राहून, हात काळे करून जो शिकेल त्यालाच ती परवडेल, आणि तीच विद्या पुढें त्याच्या ट्रॅक्टरास व मोटारपंपासही उपयोगीं पडेल.

जिवाची गोष्ट सर्वांत शेवटीं, पण सर्वांत मोठी. ही गाडी उंच व आंखूड. वेगांत वळविली तर कलंडते. जुन्या गाडींत एअरबॅग नाहीं, ब्रेकही आजच्यासारखे नाहींत. घाट उतरतांना खालचा गिअर ठेवावा. मागें दहा मित्र कोंबून कासच्या वाटेनें धांवण्याची ही वस्तु नव्हे.

वडील मंडळींस आमची विनंती इतकीच कीं, सरसकट नाहीं म्हणूं नये. मुलाच्या हातीं एक वही द्यावी व किंमत, फी, कर, विमा, दुरुस्ती व तेल यांचा वर्षाचा अंदाज त्याच्याकडून लिहवून घ्यावा. बेरीज घरच्या शिलकेंत बसली तर आनंदानें परवानगी द्यावी. पण सोसायटीचें पीककर्ज या गाडीकडे वळविण्यास कोणीही संमति देऊं नये. तें कर्ज खताचें व बियाण्याचें आहे. तें गाडींत गेलें तर चिखलांतून गाडी निघेल, शेत मात्र रुतून बसेल.