उचलीत अडकलेले स्वातंत्र्य

दसरा आला की आमचा समाज दीक्षाभूमीच्या वाटेला लागतो. त्याच दिवसांत बीड जिल्ह्यातून आणखी एक वाट भरून वाहते. पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज, आष्टी या तालुक्यांतून ट्रक, ट्रॅक्टर आणि टायरगाड्या निघतात. त्यांत भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, लेकरे आणि कोयते असतात. ही माणसे सांगली, कोल्हापूर, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत ऊस तोडायला जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. त्यांत वंजारी आहेत, मराठे आहेत, बंजारा, धनगर, बौद्ध, मातंग आहेत. कोयत्याला जात नसते असे म्हणतात. सातबाऱ्याला मात्र असते.

या वाटेची आठवण आज काढण्याचे कारण वेगळे आहे. सध्या व्यक्तिस्वातंत्र्याचा मोठा गजर चालला आहे. सरकारने उद्योगात, बाजारात, मालक-मजुराच्या व्यवहारात नाक खुपसू नये. एकाचे काढून दुसऱ्याला देणे ही लूट आहे. सरकार जितके लहान तितका माणूस मोकळा, असे सांगितले जाते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत संपत्तीच्या फेरवाटपाचा विषय निघाला तेव्हा तर बायकांच्या गळ्यातल्या मंगळसूत्रापर्यंत भीती पोहोचवण्यात आली. ज्यांच्या गळ्यात काळ्या मण्यांशिवाय काही नाही, त्यांनाही ‘तुमचे लुटले जाईल’ असे सांगणारे महाभाग आम्ही पाहिले. त्या गदारोळात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याचे स्वातंत्र्य नेमके कशात असते?

ऊसतोड मजुराचा करार हा या मंडळींच्या शास्त्राप्रमाणे अगदी मुक्त करार आहे. त्यात सरकार कोठेही नाही. मुकादम पावसाळ्यातच गावात येतो आणि ‘उचल’ देतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एका कोयत्याला पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत उचल मिळते. कधी बाँडवर सही होते, कधी नुसता शब्द. त्या पैशातून पोरीचे लग्न होते, दवाखाना भागतो, मागचे देणे फिटते. मग हंगामभर तोडलेल्या उसातून उचल फेडायची. तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्क्यांनी वाढला; तोही मजूर संघटनांनी संपाचे हत्यार उपसल्यावर आणि लवाद बसल्यावर. वाढून तो टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. दोघांनी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबून दीड-दोन टन तुटतो. हिशेब वाचकांनीच करावा. एक दिवस पडून राहिले तर ‘खाडा’, म्हणजे त्या दिवसाचा दंड. तो बाळंतिणीलाही चुकत नाही. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर उरलेली बाकी पुढच्या सालावर चढते. मध्येच निघून जाणाऱ्याचा शोध घ्यायला मुकादमाची माणसे येतात.

आता या करारातले व्यक्तिस्वातंत्र्य शोधून दाखवा! सही त्याचीच आहे, अंगठा तिचाच आहे, कोणी बंदूक लावली नाही. पण ‘नाही, मी येत नाही’ असे म्हणण्याची ताकद त्या दोघांपैकी एकातही नाही. आमच्या मते स्वातंत्र्याची कसोटी हीच. माणूस कशाला हो म्हणतो यावरून त्याचे स्वातंत्र्य कळत नाही. त्याला नाही म्हणता येते का, यावरून कळते.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याचा विषय देशभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कोणत्याही सरकारने त्यांच्यावर सक्ती केली नव्हती. फडात पाणी नाही, आडोसा नाही, दुखणे अंगावर काढायचे आणि खाडा पडू द्यायचा नाही. अशा जागी खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरने ‘पिशवी काढून टाक’ म्हटले की बाई तयार होते. कागदावर तिची संमती असते. कागदाला संमती फार लवकर पटते!

बाबासाहेबांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. १९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलहाचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी स्वतंत्र मजूर पक्षातर्फे त्याला कडाडून विरोध केला. संप करण्याचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे आणि काम नाकारणाऱ्या मजुराला गुन्हेगार ठरवणे म्हणजे त्याला गुलाम करणे, असा त्यांचा मुद्दा होता. ७ नोव्हेंबर १९३८ चा एक दिवसाचा संप त्यातूनच झाला. लक्षात घ्या, येथे बाबासाहेब सरकारचे हात बांधायला निघाले होते. सरकारची सत्ता मर्यादित असावी हा विचार आम्हांला कोणी मुंबईच्या क्लबातून शिकवायला नको.

पण १९४७ साली अनुसूचित जाती फेडरेशनतर्फे घटना समितीसाठी जे निवेदन त्यांनी तयार केले, जे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ म्हणून प्रसिद्ध आहे, त्यात ते याच विचाराची दुसरी बाजू मांडतात. सरकार बाजूला झाले की माणूस मोकळा होतो हे खरे नाही. सरकारने सोडलेल्या जागेवर जमीनदार आणि मालक येऊन बसतो. बेकार माणसासमोर एका हाताने नोकरी धरली आणि दुसऱ्या हाताने हक्क सोडून दे म्हटले, तर तो काय करील? म्हणून मूलभूत उद्योग व विमा राज्याच्या हाती असावा, शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, गावात ना जमीनदार राहावा ना भूमिहीन मजूर, अशी त्यांची योजना होती. ज्यांची मालमत्ता घेतली जाईल त्यांना ऋणपत्रांच्या रूपाने मोबदला द्यावा, हेही त्यांनी लिहिले. १९३७ च्या खोती निर्मूलनाच्या विधेयकातही खोताला मोबदल्याची तरतूद त्यांनी ठेवली होती. याला लूट म्हणणाऱ्यांनी एकदा ते वाचून तरी बोलावे.

स्वातंत्र्याच्या नावाने बोलणारे सगळेच खोटे, असे आम्ही म्हणत नाही. शरद जोशी हे बाजाराच्या स्वातंत्र्याचे उघड पुरस्कर्ते. सरकारच शेतमालाचे भाव पाडते, या त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. आणि ‘लक्ष्मीमुक्ती’च्या आंदोलनात त्यांनी शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. घरातल्या घरात का होईना, ते फेरवाटपच होते. मात्र त्यांचा विचार ज्याच्याकडे विकायला माल आहे त्याच्यापासून सुरू होतो. ज्याच्याकडे विकायला फक्त दोन हात आहेत, त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही.

शिवाय फेरवाटप नको म्हणणाऱ्या या राज्यात फेरवाटप कधी थांबले होते? सहकारी साखर कारखान्यांना शासनाचे भागभांडवल मिळाले, त्यांच्या कर्जाला शासनाची थकहमी मिळाली. तो पैसा करदात्यांचाच होता. त्याला ‘सहकार’ म्हणतात. तोडणी मजुरासाठी स्थापलेल्या गोपीनाथ मुंडे महामंडळाला टनामागे १० रुपये द्यायचे ठरले की मात्र कारखानदारीवर बोजा येतो.

आता गायरानाकडे या. मराठवाड्यातल्या भूमिहीनांनी गावाच्या कडेचे पडीक, खडकाळ गायरान नांगरून वहितीखाली आणले. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह केले, त्यांची मागणीही हीच होती. बीडमध्ये एकनाथ आवाड यांनी २०१५ मध्ये जग सोडेपर्यंत हे काम लावून धरले. पोतराजाचा हा मुलगा गायरानधारकांना एकच सांगत असे, जमीन सोडू नका. शासनाने १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायचे मान्य केले. तरीही असंख्य कुटुंबांच्या नावावर सातबारा झालाच नाही. तलाठ्याच्या गाव नमुना १-इ मध्ये नोंद, दंडाच्या पावत्या, एवढाच काय तो पुरावा. त्यावर सवर्णांनी पिकात जनावरे घालणे, बांधावर मारहाण करणे हे प्रकार वेगळेच.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या निर्णयाने दिलेल्या जमिनींचा अपवाद करता येईल असेही म्हटले आहे. पहिले वाक्य प्रत्येक तहसीलदाराला पाठ आहे. दुसरे वाक्य कोणाच्याच वाचनात नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानाचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा राज्यभर नोटिसा निघाल्या आणि पत्र्याच्या घरांतून माणसे कागद शोधू लागली. पुढच्याच वर्षी सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात प्रकल्पांसाठी शासकीय जमिनी नाममात्र भाड्याने द्यायचे ठरले. विजेला आमचा विरोध नाही. पण कंपनीला दिले की विकास आणि मातंगाने नांगरले की अतिक्रमण, हा न्याय कोणत्या संविधानातला?

५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने अनुच्छेद ३९ (ख) चा अर्थ सांगितला. खटला आपल्या महाराष्ट्रातलाच. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारती भाडेकरूंच्या संस्थांना देण्याच्या म्हाडाच्या कायद्याविरुद्ध घरमालकांनी लढवलेला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असे बहुमताने ठरले. त्यावर काहींना आनंदाच्या उकळ्या फुटल्या आणि फेरवाटपाचा विषय संपला असे त्यांनी जाहीर केले. निकाल तसे म्हणत नाही. साधनाचे स्वरूप, त्याची टंचाई, ते मोजक्या हातांत एकवटण्याचा परिणाम हे पाहून काही खासगी मालमत्ता त्यात येऊ शकते, असे त्यात स्पष्ट आहे. आणि आमचा मुद्दा याहून सोपा आहे. गायरान ही खासगी मालमत्ता नाहीच. भूमिहीन कोणाच्या बापाची इस्टेट मागत नाही. गावाची जमीन गावच्या माणसाच्या नावावर करायला नऊ न्यायमूर्ती लागत नाहीत, एका उपविभागीय अधिकाऱ्याची इच्छा लागते.

दोन-तीन एकर गायरान नावावर असलेले कुटुंब लगेच श्रीमंत होत नाही, हे आम्हांला माहीत आहे. बालाघाटाच्या त्या मुरमाड जमिनीत बाजरी, तूर आणि दैव साथ देईल तर थोडा कापूस. पण घरात सहा महिन्यांचे दाणे असले की पावसाळ्यात दारात आलेल्या मुकादमाला ‘बघू’ म्हणता येते. उचल कमी घेता येते. पोराला शाळेत ठेवून मागे थांबता येते. सर्वोच्च न्यायालयानेच १९८२ मध्ये आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात म्हटले होते की भूक आणि दारिद्र्य यांचा रेटा हीसुद्धा सक्तीच आहे आणि किमान वेतनाहून कमी पैशांत करावे लागलेले काम ही वेठबिगारी आहे. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा तर १९७६ पासून आहे. त्यात वेठबिगाराचे कर्ज आपोआप रद्द होते. बीडमध्ये तो अमलात आणायचा तर प्रशासनाला फडात उतरावे लागेल. लहान सरकारच्या भक्तांना नेमके हेच नको आहे.

सरकारची ताकद जिथे खरोखर बांधायला हवी, तिथे हे भक्त दिसत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. नंतर आमच्याच वस्त्यांत पोलिसांचे कोंबिंग झाले आणि कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. व्यक्तिस्वातंत्र्यावर अग्रलेख लिहिणाऱ्या किती लेखण्या तेव्हा चालल्या? आम्हांला लाठी आखडती घेणारे आणि फडात निरीक्षक पाठवणारे सरकार हवे आहे. दोन्ही एकाच वेळी.

मुकादम उचल घेऊन पावसाळ्यातच गावात येतो. त्याच्या आधी प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्यांनी तलाठ्याकडे जावे, गाव नमुना १-इ ची नक्कल मागावी, १४ एप्रिल १९९० च्या आतल्या नोंदी वेगळ्या काढाव्यात आणि दंडाच्या पावत्या जोडून तहसीलला अर्ज द्यावेत. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नये. ज्यांची नोंदच झालेली नाही, त्यांची यादी निराळी करावी. ती मोठी निघेल.