मंजूर पदांनी ताप उतरत नाही



कपाशीच्या निंदणीला किती बाया लागतील हे आपण तण पाहून ठरवतो, सातबारा पाहून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची 'विस्न' ही संगणक प्रणाली दवाखान्यासाठी तोच हिशोब मांडते. एका कामाला वेळ किती, कर्मचाऱ्याच्या हाती वर्षात तास किती, त्यावरून माणसं किती. काम वाढलं की आकडा वाढतो.

सरकारी सूत्र मात्र डोकी मोजतं : सपाटीवर ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी परिसरात घरं कोसळली, हजारो माणसं गेली. या सूत्रानं त्या दिवशी डॉक्टर कमी लागायला हवे होते!

२००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या संगणकवाल्या पोरांनी 'सहाना' प्रणाली उभी केली, तीही फुकट. हरवलेली माणसं, छावण्या, मदतीला आलेल्या संस्था यांची नोंद एका जागी. आम्हाला यंत्राचं वावडं नाही. पण त्यात भरायचं काय? मंजूर पदं भरली तर रिकाम्या खुर्चीवरही नर्स दिसेल, आणि आपत्तीच्या रात्री संगणक तिलाच ड्यूटी लावेल.

म्हणून आमची मागणी यंत्राआधीची आहे. आरोग्य केंद्रातली भरलेली आणि रिकामी पदं दर ग्रामसभेत वाचून दाखवा. येत्या सभेपासून विचारायला लागू.