धूर सर्वांना, दंड चालकाला

लातूरहून नांदेडला येताना अहमदपूर सोडल्यावर आमची बस तपासणी पथकाने थांबवली. गाडीमागे काळ्या धुराचा लोट बराच वेळ दिसत होता आणि मागच्या बाकावरील एका वृद्धेने लातूर सुटल्यापासूनच पदर नाकाशी धरला होता. पथकाने आपले काम नियमाप्रमाणे केले. धूरमापकाची नळी सायलेन्सरच्या तोंडात घातली गेली, चालकाला चार वेळा ॲक्सिलरेटर दाबायला सांगितले, आकडा मर्यादेपलीकडे गेला आणि चलन झाले. चालक एवढेच म्हणाला, "साहेब, दोन महिने झाले, नोझल बघा म्हणून वहीत लिहून देतोय." साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली व दंडाची नोंद पूर्ण केली. वीस मिनिटांनी तीच बस तोच धूर सोडीत लोह्याच्या दिशेने निघाली.

बस कोणाची होती हा प्रश्न येथे गौण आहे. कायद्याची अंमलबजावणी झाली, दंडाची नोंद झाली, आणि तरीही हवेत जाणारा धूर कणभर कमी झाला नाही, ही वस्तुस्थिती महत्त्वाची आहे. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, असा हा प्रकार आहे.

डिझेल गाडी काळा धूर सोडते तेव्हा इंजिनात इंधन आणि हवा यांचे प्रमाण बिघडलेले असते. नोझल झिजते, पंपाचे कॅलिब्रेशन हलते, एअर फिल्टर धुळीने चोंदतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो किती लवकर चोंदत असेल, हे येथल्या रस्त्यांवरून गेलेल्याला सांगावे लागत नाही. सायलेन्सर किंवा त्याकडे जाणारा पाइप फुटला, तर विषारी वायू प्रवाशांच्या बैठकीतही शिरू शकतो. यातला कोणताही दोष चालकाच्या हातून रस्त्याच्या कडेला दुरुस्त होणारा नाही. त्याला आगार लागते, मेकॅनिक लागतो, वेळेवर आलेला सुटा भाग लागतो, आणि मुख्य म्हणजे गाडी एक दिवस मार्गावरून काढण्याचा अधिकार लागतो. यांपैकी एकही गोष्ट चालकाच्या हाती नसते.

कायदा या बाबतीत आपण समजतो तितका आंधळा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९०(२) मध्ये प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन जो चालवतो, चालवायला लावतो किंवा चालवू देतो, अशा तिघांनाही दोषी धरलेले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ ने जुन्या डिझेल वाहनांसाठी धुराच्या घनतेची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आणि भारत स्टेज चार वाहनांसाठी ५० एकक ठरविली आहे. धुराचे तोंड डावीकडे नसावे, असेही हे नियम सांगतात; म्हणजे डाव्या कडेने चालणारा पादचारी नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होता. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवान्यास अपात्रता, अशी शिक्षा आली. परवाना अर्थातच चालकाचा जातो. 'चालवू देणाऱ्या'ला असा कोणता परवाना गमवावा लागतो?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे पिगूची आठवण होणे साहजिक आहे. १९२० साली त्याने दाखवून दिले, की कारखान्याच्या धुराची किंमत कारखानदाराच्या हिशेबात येत नाही, ती शेजारपाजारच्या लोकांना मोजावी लागते. म्हणून ती कराच्या रूपाने कारखानदाराकडे परत न्यावी. पण या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे. कर ज्याच्यावर बसतो, धूर कमी करण्याचा निर्णयही त्याच्याच हाती असला पाहिजे. निर्णय एकाचा आणि दंड दुसऱ्याला, अशी व्यवस्था झाली की कर आपले कामच करीत नाही. तो केवळ दुर्बळाच्या पगारातून होणारी कपात ठरतो.

सार्वजनिक बसच्या बाबतीत तर आणखी एक विसंगती आहे. एस.टी. महामंडळाच्या गाडीला दंड झाला आणि तो महामंडळानेच भरला, तर शासनाच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसा गेला, इतकेच. त्याच शासनाने दीर्घकाळ एस.टी.च्या प्रवाशांकडून साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतला आहे. ७५ वर्षांवरील नागरिकांना २०२२ पासून मोफत आणि महिलांना २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास मिळाला, हे निर्णय स्वागतार्हच आहेत. परंतु सवलतींची रक्कम शासनाकडून वेळेवर आली नाही, की पहिली कात्री लागते ती देखभालीला. पगार थांबला तर संप होतो. २०२१-२२ चा संप आपण पाहिला आहे. नोझल थांबले तर कोणी संप करीत नाही, फक्त धूर वाढतो.

मराठवाड्यात सार्वजनिक बस ही कालपरवाची गोष्ट नाही. निजाम राजवटीत १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली. पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली ती १९४८ साली. लातूर आणि नांदेड यांच्यामध्ये आजही थेट लोहमार्ग नाही, आगगाडीला परळी-परभणीचा वळसा घ्यावा लागतो. शिकवणीसाठी लातूरला येणारी मुले, नांदेडच्या दवाखान्यात जाणारे रुग्ण आणि बाजाराला निघालेले शेतकरी यांना बस हाच आधार आहे.

म्हणूनच एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. तपासणी कडक केली तर गाड्या बंद पडतील आणि गरीब माणूस वडाप जीपच्या टपावर जाऊन बसेल, असे म्हटले जाते. ही भीती खोटी नाही. पण या युक्तिवादाचा अर्थ असा होतो, की गरिबाने प्रवास हवा असेल तर फुप्फुस द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरविला आहे. स्वच्छ हवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत लातूरचे नाव आहे. त्याला केवळ बसगाड्या जबाबदार नाहीत, हे खरे. परंतु स्थानकावर दिवसभर उभा असणारा हमाल, शेंगा विकणारी बाई आणि स्वतः चालक-वाहक यांच्या वाट्याला या धुराचा मोठा हिस्सा येतो.

आमची मागणी साधी आहे. तपासणी रस्त्यावरून आगाराच्या दारात न्या. प्रत्येक गाडीचा धूर दरमहा मोजून तो आकडा स्थानकावरील फळ्यावर लिहा. सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या पीयूसी प्रमाणपत्रावर विसंबून राहू नका. चालकाने दोषाची लेखी नोंद केलेली असेल तर तो दोषमुक्त, आणि ती नोंद वाचूनही गाडी मार्गावर सोडणारा जबाबदार, असा स्पष्ट आदेश काढा. रात्री पुण्याकडे धावणाऱ्या खासगी आरामगाड्यांच्या मालकांनाही हाच नियम लावा. आणि सवलतींची रक्कम महामंडळाला दरमहा द्या, म्हणजे सुट्या भागांसाठी पैसा नाही ही सबब उरणार नाही.

कायद्यात 'चालवू देणारा' हा शब्द आहे. त्या शब्दाखाली कोणाचे तरी नाव लिहिले जाईल, त्या दिवशी अहमदपूर-लोहा रस्त्यावरचा धूर कमी होऊ लागेल. तोवर चालक दंड भरीत राहील आणि मागच्या बाकावरची म्हातारी पदर नाकाशी धरून बसेल.