सेल्फ डिझाईनची भिंत

"बाई, दिसणारच नसेल तर नक्षी काढायची कशाला?" आमच्या पेंटरने विचारलं. शेडकार्ड त्याच्या हातात होतं आणि मी एकाच रंगावर दोनदा बोट ठेवलं होतं. भिंतीला फिकट मोतिया आणि तिच्यावरच्या नक्षीलाही तोच मोतिया. फक्त भिंत मॅट आणि नक्षी सॅटिन.

कापडाच्या दुकानात आपण हेच किती सहज मागतो. 'सेल्फ डिझाईनमध्ये दाखवा' म्हटलं की दुकानदार साडीचा पदर उजेडात तिरका धरतो. लखनौची पांढऱ्यावर पांढरी चिकनकारी तर आपण हौसेने घेतो. घराची भिंत म्हटली की मात्र सोफ्यामागे गडद जांभळा रंग आणि त्यावर हातभर सोनेरी फुलं हवीत. पेंटर लोक तिला 'हायलाइट' म्हणतात. ती भिंत पाहुण्यांसाठी असते. त्या खोलीत जो रोज बसतो, जेवतो, आजारपणात पडून राहतो, त्याच्या डोळ्यांचा विचार तिथे कुणी केलेला नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्याकडेही आधी वॉलपेपर होता. 'धुता येतो, काही होत नाही' असं लावणाऱ्याने सांगितलं होतं. पण चिपळूणच्या पावसात भिंती ओल धरतात, आणि प्लास्टिकच्या कागदामागची ओल बाहेर पडायला वाट नसते. दुसऱ्याच पावसाळ्यात कोपरे सुटले. 22 जुलै 2021 च्या पुरात घरात छातीभर पाणी आलं. ते ओसरलं तेव्हा कागद लोंबत होता आणि मागे काळी बुरशी होती. सगळं खरवडून भिंत पुढचा अख्खा हिवाळा आणि उन्हाळा उघडी ठेवली. प्लास्टर पूर्ण सुकू दिल्याशिवाय पुट्टीचा हात मारायचा नाही, हे मी त्या वर्षी शिकले. नक्षीला चकाकी असेल तर भिंतीचा प्रत्येक खड्डा उजेडात उठून दिसतो, म्हणून पुट्टी घासायलाच सगळ्यात जास्त वेळ दिला.

ठसा मी स्वतः कापला. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, तेव्हा कटर हाताळायची सवय आहे. घरात गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेची फिल्म होती. ब्लीचच्या पाण्यात भिजवून तिचा काळा थर धुऊन काढला, कारण ठसा पारदर्शक असला की आधीच्या नक्षीशी जुळवता येतो. फूल घेतलं ताम्हणाचं. सहा पाकळ्या, प्रत्येकीला झालरीसारखी चुणीदार कड. पाकळी आणि मधला गाभा यांच्यामध्ये बारीक जोडण्या ठेवाव्या लागतात, नाहीतर गाभा गळून पडतो. रांगोळीचा पत्र्याचा छापा नीट पाहिलात तर त्यातही हेच दिसेल.

आमचा पेंटर माझाच जुना विद्यार्थी. त्याचा हात मी ओळखते. भिंतीच्या मधोमध ओळंबा सोडून त्याने पेन्सिलची रेघ मारली आणि तिथून दोन्हीकडे सरकत गेला. कोपऱ्यातून सुरुवात केली तर एका टोकाला अर्धवट फूल येण्याची भीती असते. ब्रश रंगात जेमतेम टेकवायचा, वर्तमानपत्रावर आपटून जवळजवळ कोरडा करायचा आणि मग सरळ टोचत जायचं. फरकटवला की रंग ठशाखाली शिरतो आणि कड फुटते. दर चार-पाच फुलांनंतर त्याने ठशाची मागची बाजू ओल्या फडक्याने पुसली. दहा फूट बाय आठ फुटांची भिंत, एक फुटाचा ठसा. म्हणजे ऐंशी वेळा हेच.

आणि इथेच माझी तक्रार आहे. रंगकाम आपण चौरस फुटावर मोजतो. त्या हिशेबाने ही भिंत ऐंशी फुटांची, म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. त्याला दोन दिवस लागले. अशा दराने कोणता कारागीर ब्रश कोरडा करत बसेल? तो रोलर फिरवून मोकळा होणार, आणि आपण म्हणणार की हल्ली हात राहिले नाहीत. हात आहेत. नक्षीचं काम रोजावर द्या, दोन दिवसांचा रोज मोजा आणि घाई करू नका. कोकणात गणपतीआधी रंग काढायचा आग्रह असतो, पण ओल्या भिंतीवर हे काम टिकत नाही. दिवाळीनंतर काढा.

उरलेला रंग मी झाकण घट्ट लावून ठेवला आहे. गेल्या वर्षी खिळा काढताना एक फूल उखडलं. तोच ठसा लावून तेवढंच फूल पुन्हा काढलं. वॉलपेपर फाटला असता तर अख्खी पट्टी बदलावी लागली असती.

काम झालं तेव्हा दुपार होती. पेंटरने भिंतीकडे पाहिलं आणि काही न बोलता सामान आवरलं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो पैसे घ्यायला आला. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आडवं भिंतीवर पडलं होतं. तो दारातच थांबला, दोन पावलं उजवीकडे सरकला, मग परत डावीकडे.

"बाई," तो म्हणाला, "आली की."