तेलाची वाटी आणि आखडलेला खांदा

गुरुवारी इशाची नमाज झाली की आमच्या घरात तेलाची वाटी निघते. दुसऱ्या दिवशी जुम्याची आंघोळ, म्हणून आदल्या रात्री डोक्याला तेल, ही आमच्या सासूबाईंच्या, म्हणजे अम्मांच्या माहेरची रीत. आधी अम्मांचे गुडघे आणि पाय, मग धाकट्याचे डोके, मग थोरलीच्या वेण्या, आणि मुलांच्या अब्बांची मान धरली असेल तर तीही. वाटीच्या तळाला जे उरते ते आम्ही आपल्याच तळहातांना पुसतो आणि वाटी धुवायला टाकतो. वीस वर्षे हे असेच चालले आहे आणि त्यात काही खटकण्यासारखे आहे, असे आम्हाला कधी वाटले नाही.

मागच्या वर्षी सहामाहीचे पेपर तपासताना उजवा खांदा दुखू लागला. उर्दूचा एक गठ्ठा, मराठीचे दोन. दुखणारच, असे म्हणून सोडून दिले. दिवाळीच्या सुट्टीत बरे वाटेल असे वाटले होते, पण दुखणे उलट वाढले. आधी फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत खडू पोचेना. मग कमीजची पाठीमागची चेन लावायला थोरलीला हाक मारावी लागू लागली. रात्री त्या कुशीवर वळलो की जाग यायची. आणि एक दिवस फजरच्या नमाजेत तकबीर म्हणताना डावा हात वर गेला आणि उजवा अर्ध्यातच थांबला. त्या सकाळी मात्र आम्ही घाबरलो.

अम्मा म्हणाल्या, "नस चढली असेल. खालाला बोलव."

खाला म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली मालिशवाली. जचगी झालेल्या प्रत्येक घरात सव्वा महिना तिचे येणे असते. थोरली झाली तेव्हा आमच्या अंगाला तिनेच तेल लावले होते आणि तिच्या हाताला गुण आहे, हे आम्ही आजही म्हणू. तिने अंगठा रोवून खांदा दाबला, हात पिरगाळून मागे ओढला. डोळ्यांतून पाणी आले, पण त्या रात्री झोप लागली. तिसऱ्या दिवशी दुखणे दुप्पट. मग पुन्हा खाला, आणखी जोर. असे दोन-अडीच महिने गेले.

शेवटी आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाईंनी मधल्या सुट्टीत आमचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "तुम्ही उचलू नका, सैल सोडा, मी उचलते." त्यांनी उचलला, तरी तो त्याच जागी अडला. "बाई, हे नस-बीस काही नाही. सांधाच अडला आहे. डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टरांनी हात पाहिला, वय विचारले आणि तिसराच प्रश्न केला, "शुगर कधी तपासली होती?" कधीच नाही. अम्मांची तपासतो, औषधाचा डबा आम्हीच भरतो, पण स्वतःची नाही. मागील तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी नावाची रक्ततपासणी झाली. ६.५ आणि त्यावर मधुमेह धरतात. आमचा आकडा ८.४ आला.

या दुखण्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. सांध्याभोवतीचे वेष्टन सुजते, मग जाड आणि घट्ट होते आणि हात आतून अडतो. चाळिशी ते साठीत जास्त दिसते, पुरुषांपेक्षा बायकांना अधिक, आणि मधुमेह असलेल्यांना तर इतरांपेक्षा पुष्कळच जास्त. आधी दुखण्याचे महिने, मग आखडण्याचे, मग हळूहळू मोकळे होण्याचे. सगळे मिळून वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहून जास्त. सुजलेल्या वेष्टनावर अंगठा रोवल्याने ते मोकळे होत नाही, उलट चिडते. आमच्या तीन महिन्यांची हकीकत ही एवढीच. खालाला दोष देणे आम्हाला पटत नाही. रक्तातली साखर हाताला लागत नाही. चूक आमची होती; आराम मिळतो आहे म्हणजे इलाज चालू आहे, असे आम्ही धरून चाललो.

जोरात दाबले म्हणजे चांगली मालिश, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. "हाडे मोडली पाहिजेत" असे लोक कौतुकाने म्हणतात. युनानी तिब्बमध्ये मालिशीला दलक म्हणतात आणि इब्न सीना, ज्यांचा इंतकाल १०३७ मध्ये झाला, त्यांनी आपल्या 'अल-कानून'मध्ये दलकचे प्रकार वेगवेगळे करून ठेवले आहेत. कठीण मालिशीने अंग घट्ट होते, मऊ मालिशीने सैल पडते, व्यायामाआधीची वेगळी, नंतरची वेगळी. हजार वर्षांपूर्वीच्या हकीमांनाही एकच जोर सगळ्यांना लावायचा नाही, हे माहीत होते. आपण मात्र अंगठ्याच्या ताकदीवर गुण देतो.

मालिशीने काय होते ते आता नीट सांगतो. ताठरलेले स्नायू सैल पडतात, दुखणे काही वेळापुरते कमी वाटते, मन शांत होते, झोप बरी लागते. कोरड्या कातडीला तेल मिळते. हे काही थोडे नाही. पण तिने चरबी वितळत नाही, साखर उतरत नाही, आणि सरकलेली गादी जागेवर बसत नाही.

अम्मांना हे सगळे सांगितले तेव्हा त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी बाईला तेल कोण लावणार? ते नवाबांचे काम." खरेच आहे. आपल्या घरात बाईच्या अंगाला दुसऱ्याचा हात तेल लावतो तो दोनदाच, ती तान्ही असताना आणि ती बाळंतीण असताना. चाळीस दिवस संपले की वाटी तिच्याच हातात येते ती कायमची.

नवाबांवरून आठवले. आठवीच्या वर्गात आम्ही मुलांना विचारले होते, शॅम्पू शब्द कुठला? सगळे म्हणाले इंग्रजी. तो आपल्या चांपण्यातून, चंपीतून गेलेला आहे. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेले शेख दीन मुहम्मद ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर फिरत फिरत आयर्लंडला आणि तिथून इंग्लंडला गेले. १८१० मध्ये त्यांनी लंडनला हिंदुस्थानी खाण्याचे कॉफी हाऊस काढले, ते चालले नाही. मग ब्रायटनच्या समुद्रकिनारी औषधी वाफ आणि चंपीचे स्नानगृह काढले आणि त्याचे एवढे नाव झाले की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ते 'शॅम्पूइंग सर्जन' झाले. तेव्हा शॅम्पू म्हणजे मालिशच. बाटलीतल्या फेसाला हे नाव पुढे मिळाले. म्हणजे इंग्रज राजा ज्यासाठी मुद्दाम माणूस ठेवत होता, ते आपल्या घरात फुकट असते आणि घरातल्या बाईला तेवढे मागता येत नाही.

आपल्या शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही शिकवण आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. तो हक्क रोजच्या दिवसात कुठे बसवायचा, हे मात्र ज्याचे त्याने पाहायचे असते.

आमच्या घरात आता वाटीचा क्रम बदलला आहे. थोरली आमच्या मागे बसते. खांद्याच्या दुखऱ्या सांध्याला ती हात लावत नाही. मान, दोन्ही पाठफऱ्यांच्या मधली जागा आणि दंड, एवढेच, तळहाताने, हळू. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तसे दाखवले आहे. त्याआधी गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटे आणि नंतर व्यायाम, कारण हात मोकळा होतो तो व्यायामाने. ओट्यावर डावा हात टेकून वाकायचे आणि उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलू द्यायचा. मग भिंतीसमोर उभे राहून बोटांनी मुंगीसारखे वर चढायचे, ओढ लागेल तिथपर्यंत, कळ येईल तिथपर्यंत नाही.

कोणी लावणारे नसेल तर आपला हात आपल्याला पुरतो. खडू धरणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या हाताचा तळवा दुसऱ्या अंगठ्याने गोल चोळून पाहा. कोपरापासून मनगटापर्यंत हात दाबत या. डोक्याला नखे नव्हे, बोटांची पेरे लावा. मान मागून चोळा, पुढून गळ्याच्या बाजूला दाबू नका. टाच दुखत असेल तर खुर्चीवर बसून पायाखाली चेंडू फिरवा. असरनंतर चहा उकळेपर्यंत यातले एखादे होऊन जाते. परक्या ठिकाणी जाण्याचा संकोच नाही, खर्चही नाही.

पण ज्या घरात मधुमेह आहे, आणि आता आपल्यातले मधुमेह नसलेले घर शोधावे लागेल, तिथे पायांना तेल लावणाऱ्याने डोळे उघडे ठेवले पाहिजेत. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना जाते. अम्मांना आम्ही तेल थेट गॅसवर तापवून लावायचो. त्या म्हणायच्या, "अजून गरम कर, काही कळत नाही." हे 'कळत नाही' म्हणजे काय, ते आमच्या डोक्यात कधी शिरले नाही. एकदा घोट्याजवळ फोड आला, तो भरायला दीड महिना लागला. आता वाटी गरम पाण्यात ठेवतो आणि तेल आपल्या मनगटावर टाकून पाहतो. तळवे, टाचा आणि बोटांमधल्या जागा आधी उजेडात बघायच्या, बोटांच्या मध्ये तेल साठू द्यायचे नाही. आणि तेल लावल्यावर पाय पुसल्याशिवाय अम्मांना फरशीवर उतरू द्यायचे नाही.

एक गोष्ट फार महत्त्वाची. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर ती चोळू नका. विशेषतः बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिल्यावर. आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तेव्हा तेलाची वाटी बाजूला ठेवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

भिंतीवर बोटे किती वर चढली त्याची खूण थोरली दर गुरुवारी पेन्सिलीने करते, शेजारी तारीख. मुलांची उंची मोजतो ती हीच भिंत. जानेवारीतली खूण धाकट्याच्या तिसरीतल्या उंचीशी होती. गेल्या गुरुवारची थोरलीच्या आठवीतल्या खुणेला लागली. साखरेचा आकडा ७.१ वर आला आहे. तकबीरला हात खांद्यापर्यंत जातो, कानाच्या पाळीला अजून चार बोटे कमी पडतात.