यंत्राला भूक नसते

चार्ली चॅप्लिनच्या १९३६ सालच्या 'मॉडर्न टाइम्स' चित्रपटात कामगाराला घास भरविणारे एक यंत्र आहे. जेवणाची सुट्टी वाचावी म्हणून ते कारखानदाराला दाखविण्यात येते. यंत्र बिघडते, चार्लीची दुर्दशा होते आणि मालक ते नाकारतो. कामगाराच्या कळवळ्याने नव्हे, तर ते व्यवहार्य नाही म्हणून!

पुढे २०२३ साली हॉलिवूडच्या मालकवर्गापुढे अधिक व्यवहार्य यंत्र आले. सुट्टीच काय, जेवणारा माणूसही वाचविण्याची आशा कृत्रिम बुद्धिमत्तेने दाखविली. मोबदल्याच्या जुन्या तक्रारींत ही नवी धास्ती मिळाली आणि 'रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका'च्या ११ हजारांहून अधिक लेखकांनी २ मेपासून १४८ दिवस संप केला. जुलैत नटनट्याही संपावर गेल्या. स्वप्ने विकणाऱ्या नगरीला वर्गसंघर्ष आपल्याच दाराशी पाहावा लागला, तोही तिकिटाविना!

लेखकांनी यंत्रे फोडा असे म्हटले नाही. त्यांच्या वापराची लेखकावर सक्ती नको, यंत्राकडून लिहवून घेतलेला मजकूर कंपनीने तसे सांगूनच लेखकाच्या हाती द्यावा, आणि त्या निमित्ताने त्याचे श्रेय वा मोबदला कापू नये, हे त्यांनी करारात लिहवून घेतले.

यंत्र संवाद लिहील, कदाचित हसवील व रडवीलही. मात्र ते संप करीत नाही, आणि मालकांना त्याच्या प्रतिभेपेक्षा या सद्गुणाचेच कौतुक अधिक! म्हणून नव्या यंत्राचे स्वागत अवश्य करावे; हार घालण्यापूर्वी करारपत्र तेवढे मागून घ्यावे.