न्हाणीतली फरशी हाही डॉक्टरचाच विषय आहे

घरातलं म्हातारं माणूस न्हाणीत घसरून पडलं की नातेवाईक मला तीन प्रश्न विचारतात. बीपी वाढला होता का, चक्कर आली असेल का, कॅल्शियम कमी आहे का. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, मी ते तपासतोही. पण फरशी कशी होती हे कुणी आपणहून सांगत नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

घसरणं म्हणजे नेमकं काय होतं? सोयाबीनचा भरलेला कट्टा जमिनीवरून ओढून पाहा. आधी तो जागचा हलत नाही. जोर वाढवला की एका क्षणी सुटतो, आणि एकदा सुटल्यावर तेवढा जोर लागत नाही. थांबलेल्या वस्तूला धरून ठेवणारं घर्षण हे सरकत्या वस्तूच्या घर्षणापेक्षा सहसा जास्त असतं. कट्टा ओढताना ही सोय वाटते, पण टाचेच्या बाबतीत तीच घात करते.

चालताना टाच जमिनीवर तिरकी टेकते. शरीराचं वजन तिला खाली दाबतं आणि थोडं पुढेही ढकलतं. सपाट जागेवर सावकाश चालताना हा पुढचा जोर खालच्या दाबाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका असतो. फरशीची पकड त्याहून कमी पडली की टाच सुटते आणि पकड आणखी घटते, म्हणून ती आपोआप थांबत नाही. 2-3 सेंटीमीटर घसरलेलं बहुधा आपल्याला कळतही नाही, पण 10 सेंटीमीटरच्या पुढे सावरणं अवघड होतं. हा सगळा खेळ एका सेकंदाच्या आतला. तरुण माणूस दुसरा पाय झटकन टाकतो. सत्तरीतल्या माणसाला ते जमत नाही, आणि डायबेटिसमुळे तळवे बधिर झाले असतील तर पाय घसरतोय हेच उशिरा कळतं.

पाणी आणि साबण यात काय करतात? तळवा आणि फरशी पूर्ण टेकलेले दिसले तरी खरा स्पर्श बारीक उंचवट्यांवरच असतो. खरखरीत फरशीवर पाण्याला निघून जायला खाचा मिळतात. गुळगुळीत टाइलवर साबणाच्या पाण्याचा पातळ थर मध्येच अडकतो आणि ते उंचवटे एकमेकांना भेटतच नाहीत. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या पांदणीवरही पाय ठरत नाही, पण तिथे माणूस बोटं रोवून, जपून चालतो. चकचकीत न्हाणीत तो बेफिकीर असतो.

हॉलच्या ग्लॉसी टाइल्स उरल्या म्हणून त्याच न्हाणीत बसवलेल्या मी पाहतो. मिस्त्रीला बोल लावण्यात अर्थ नाही, ‘चमकली पाहिजे’ ही मागणी आपलीच असते. (जुनं ते सगळं चांगलं असंही नाही. जुन्या दगडी न्हाणीत शेवाळ साचायचं, आणि तेही साबणाइतकंच निसरडं.)

खुब्याचं हाड मोडल्यावर वर्षभरात साधारण चार-पाच वृद्धांमागे एक जण दगावतो. यातले बरेच मृत्यू अंथरुणाला खिळल्यामुळे होणाऱ्या न्यूमोनियाने किंवा पायातल्या रक्ताच्या गाठींमुळे होतात. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना पुन्हा पूर्वीसारखं चालता येत नाही. असं असताना वर्षानुवर्षं कॅल्शियमच्या गोळ्या घेणारं घर खरखरीत टाइलसाठी हात आखडतं, हे मला पटत नाही.

जर्मनीत न्हाणीच्या फरशीची परीक्षा सरळ असते. साबणपाण्याने भिजलेल्या उतारावर माणूस अनवाणी चालतो आणि उतार हळूहळू वाढवतात. पाय 12 अंशांपर्यंत टिकला तर दर्जा ए, 18 पर्यंत बी, 24 पर्यंत सी. दुकानदाराला हा दर्जा विचारा. त्याला माहीत नसेल तर टाइलचा तुकडा साबणपाण्याने ओला करून त्यावर तळहात दाबून सरकवून पाहा.

फरशी बदलणं शक्य नसेल तर साबण रोज घासून धुवा, तळ झिजलेली स्लिपर टाकून द्या आणि खाली चिकटून बसणारी रबरी चटई अंथरा. भिंतीत पक्का बसवलेला धरायचा दांडाही हवा. टॉवेलची दांडी त्या कामाची नाही, ती टॉवेलाच्याच वजनासाठी ठोकलेली असते.